प्रवरेकांठचा पौष आणि मुलांचे हात

श्रोतेहो, इतिहासावरील भाषण म्हटलें कीं राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा ठेवून आपण रेडिओजवळ येतां. आज मी आपणांस स्वयंपाकघरांत नेणार आहें. आणि तेथेंहि पाटावर बसून जेवणाऱ्यांकडे किंवा चुलीपुढें बसून रांधणारीकडे नव्हे, तर चुलीपासून दोन हात अंतरावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलणाऱ्या, पापडाच्या लाट्या पळविणाऱ्या आणि राखणीच्या नांवाखालीं कुरडया मोडून खाणाऱ्या चार-पांच वर्षांच्या मंडळींकडे. या मंडळींनीं बखरी लिहिल्या नाहींत. त्यांच्याविषयीं इतरांनींहि फारसें लिहून ठेवलें नाहीं. तथापि त्यांच्या इवल्याशा हातांस इतिहास आहे, आणि तो पिकांच्या, पाण्याच्या व दुष्काळाच्या इतिहासाशीं घट्ट बांधलेला आहे.

लहान मुलांना बरोबर घेऊन घरांत ऋतूप्रमाणें कांहीं करावें, त्यांच्या हातून एखादा साधा पदार्थ करवून घ्यावा, असें अलीकडे शहरांतील पुष्कळ आईबापांस वाटूं लागलें आहे. सुट्टीच्या दिवशीं परातीपुढें बसविलेलें मूल, त्याच्या नाकाला लागलेलें पीठ, आणि त्याचें छायाचित्र घेण्यासाठीं धांवपळ करणारे वडील, हें दृश्य आपल्या परिचयाचें आहे. याला कोणी नवें शिक्षण म्हणतात, कोणी आपली जुनी संस्कृति म्हणतात. माझ्या मतें हीं दोन्ही म्हणणीं अर्धींच खरीं आहेत. तीं अर्धीं कां, हें एका गांवाच्या आधारानें पाहूं.

नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता ज्या ठिकाणीं प्रवरा नदी ओलांडतो, त्या ठिकाणीं कोल्हार हें गांव आहे. त्याला लागूनच भगवतीपूर. दोन्ही नांवें लोक आतां एकाच दमांत घेतात. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, राहाता तालुक्यांत हें गांव मोडतें. भगवतीदेवीचें देवालय ही या गांवाची मोठी ओळख, आणि देवीची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यांत, रतनगडाच्या बाजूस. पुढें तिच्याच कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि त्याच्याहि पुढें टोक्याजवळ ती गोदावरीस मिळते. उगमापाशीं पाऊस अगदीं कोसळतो. पण कोल्हारपर्यंत येईतों सह्याद्रीनें ढगांचें सारें धन काढून घेतलेलें असतें. वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी येथील शेतकरी समाधान मानीत आला आहे. आणि एखाद्या वर्षीं तेवढाहि पडत नाहीं.

पौष पौर्णिमा म्हणजेच शाकंभरी पौर्णिमा. शाकंभरीची हकीकत देवीमाहात्म्यांत अगदीं थोडक्यांत आली आहे. शंभर वर्षें पाऊस पडणार नाहीं तेव्हां देवी आपल्या देहांतून उत्पन्न झालेल्या शाकांनीं, पुन्हां पाऊस येईपर्यंत, जगाचें पोषण करील, अशी ती कथा आहे. कोंकणांतल्या माणसाला ती पुराणांतली कथा वाटेल. नगर जिल्ह्यांतल्या माणसाला ती घरची गोष्ट वाटते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा, आणि आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांस स्वतः आठवत असेल तो १९७२ चा, हे सर्व या मुलखानें अंगावर काढलेले आहेत. ज्या घरीं शाकंभरीचें नवरात्र असतें तेथें पौर्णिमेस अनेक भाज्यांचा नैवेद्य होतो. साठ भाज्यांचा संकल्प सांगणारींहि घरें आहेत. आतां एवढ्या भाज्या निवडावयाच्या, सोलावयाच्या, मोडावयाच्या म्हणजे घरांतील मोठ्या बायकांचे हात पुरत नाहींत. मग अंगणांत एक चटई पडते, मध्यें सूप येतें, आणि भोंवतीं घरचीं व शेजारचीं मुलें बसतात. घेवड्याच्या शिरा काढणें, तुरीच्या शेंगा सोलणें, मेथीचीं पानें खुडणें, हें काम सुरी-विळीवांचून होण्यासारखें. म्हणून तें मुलांचें. ओल्या हरभऱ्याच्या पाल्यावर एक आंबट रस असतो, त्याला आपल्याकडे आंब म्हणतात. हरभरा सोलतां सोलतां बोटें चाखणारें मूल हा पाठ कोणीहि न शिकवितां शिकतें.

परंतु या भागांतील पौषाचें खरें मुलांचें पक्वान्न म्हणजे हुरडा, आणि त्याच्याविषयीं मला जरा सविस्तर बोलावयाचें आहे.

हस्ताच्या पावसावर भिस्त ठेवून पेरलेला शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, मार्गशीर्ष-पौषांत दाणा धरूं लागतो. प्रथम दाण्यांत नुसतें दूध असतें. मग तें दूध घट्ट होतें, दाणा हिरवा पण मऊ राहतो, हाच हुरडा. आणखी कांहीं दिवसांनीं तो टणक झाला कीं हुरडा संपला, धान्य झालें. म्हणजे एका शेताच्या वांट्याला हा काळ फार थोडा येतो. निरनिराळ्या शेतांतील पेरणी मागेंपुढें झालेली असते म्हणून गांवाला तो कांहीं आठवडे पुरतो. कणीस हुरड्यावर आलें आहे कीं नाहीं हें नखानें दाणा दाबून पाहतात. ही परीक्षा पांच वर्षांच्या मुलाला करतां येते, आणि ती करावयास त्याला मिळते. भाकरीसाठीं मोहोळ येथील निवडींतून पुढें आलेली मालदांडी थोर खरी. पण हुरड्याला गूळभेंडीसारखी गोड व कोंवळेपणीं भोंड सहज सोडणारी जात निराळी लागते, आणि घरच्या खाण्यापुरते तिचे चार तास शेतकरी मुद्दाम पेरून ठेवतो.

शेताच्या बांधाशीं लहानसा खड्डा खणून त्यांत गोंवऱ्या पेटवितात. तिला आगटी म्हणतात. ज्वाळा विझून नुसता लाल निखारा राहिला कीं कणसें त्यांत खुपसावयाचीं, राखेनें झांकावयाचीं, आणि भाजल्याचा वास सुटतांच बाहेर ओढावयाचीं. येथवरचें काम मोठ्यांचें. मुलांना आगटीपाशीं फिरकूं देत नाहींत. मात्र कणीस बाहेर येऊन सोसवेल इतकें निवलें म्हणजे तें मुलांच्या स्वाधीन होतें. दोन्ही तळव्यांत धरून तें चोळावयाचें. हिरवे दाणे खालीं टोपलींत पडतात आणि कुसळें हाताला चिकटतात. मग फुंकर घालून, सुपांत हलवून, कुसळ निराळें करावयाचें. चटका बसतो, हात काळे होतात, नाकांत धूर जातो. आणि त्यानंतर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गुळाचा खडा, वाटीभर दहीं, यांबरोबर जो घांस मिळतो तो स्वतःच्या हातांनीं मोकळा केलेला असतो. ज्या मुलानें एकदां हुरडा चोळला आहे त्याला भाकरी कशाची होते हें सांगावें लागत नाहीं.

याच सुमारास संक्रांत येते. भोगीच्या दिवशींची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कुंभाराकडून आलेल्या सुगडांत भरलेले हरभऱ्याचे घाटे, बोरें, गाजरें, उंसाचे करवे आणि गव्हाच्या ओंब्या. सुगडें भरणें हें मुलांचेंच काम. तीं अर्धीं भरतात आणि अर्धीं खातात. हलवा मात्र धीराचा विषय. मंद शेगडीवर परात ठेवून तिळावर पाक चमच्याचमच्यानें सोडावयाचा आणि बोटांनीं हलवीत राहावयाचें, तेव्हां कोठें दोन-तीन दिवसांनीं कांटा फुटतो. मुलाला या कामीं बसवूं नये. त्यानें दर थोड्या वेळानें येऊन कांटा आला का, एवढें विचारावें. त्यानंतर बोरन्हाण. पांच वर्षांपर्यंतच्या मुलाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उंसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा ओततात, आणि भोंवतालचीं मुलें त्यांवर तुटून पडतात. हा विधि अनादि काळापासून जसाच्या तसा चालत आला आहे असें कोणी म्हणूं लागल्यास त्याला त्या ढिगांतील भुईमुगाची शेंग दाखवावी. भुईमूग हा मूळचा अमेरिकेंतला. पोर्तुगीजांच्या व्यापारामागून तो हिंदुस्थानांत आला. राहात्याचे पेरू आज प्रसिद्ध आहेत, ते पेरूहि तेथलेच. ज्या ऋतूंत जें हाताशीं असेल तें मुलाच्या डोक्यावर ओतावें, एवढाच त्या चालीचा कायदा दिसतो.

वर्षांतील इतर ऋतूंचा मी धांवता उल्लेख करतों. चैत्र-वैशाखांत गहूं भिजवून त्याच्या कुरडया होत. तो चीक शिजत असतांनाच दूधसाखर घालून मुलांना मिळे, आणि उन्हांत वाळवण पडलें कीं कावळे हांकण्याची चाकरी त्यांच्याकडे येई. आषाढी अवसेला कणीक आणि गूळ यांचे दिवे करून उकडीत. दिव्याचा आकार मुलाला पहिल्या प्रयत्नांत साधतो, कारण अंगठा दाबला कीं दिवा होतो. नागपंचमीस चिरणें-तळणें वर्ज्य, म्हणून उकडलेलीं दिंडें. पोळ्याला मातीचे बैल. हस्तांतल्या भोंडल्याला झांकलेल्या डब्यांतील खिरापत वासावरून ओळखण्याची मुलींची शर्यत. नवरात्रांत देवीपुढें मातीच्या थरांत नाना धान्यें पेरून तीं रोज पाणी घालून वाढवितात. रब्बीची पेरणी तोंडावर आली असतां घरांतल्या बियाण्याची ही परीक्षाच होते असें मला नेहमीं वाटतें, आणि पाणी घालण्याचा मान घरांतील धाकट्याला मिळतो. कोल्हारसारख्या देवीच्या गांवीं तर त्या अंकुरांचें कौतुक विशेष.

आतां या सर्वांचा लेखी पुरावा कोठें सांपडतो? पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांत पाहावें तर तेथें मूल नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें हजार पाकक्रियांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालचें. हीं पुस्तकें वाचणारी व्यक्ति म्हणजे नवा संसार थाटलेली साक्षर स्त्री. मला तर असें वाटतें कीं पाकशास्त्राचें पुस्तक ज्या घरांत प्रथम आलें त्या घरांत आईपाशीं बसून शिकण्याची सांखळी कोठेंतरी तुटली असली पाहिजे. शाळेमुळें म्हणा, किंवा दूरच्या नोकरीमुळें म्हणा. मुलांच्या बाजूचा खरा दस्तऐवज निराळाच आहे, आणि तो म्हणजे भातुकली. जुन्या घरांतील पितळी वा लांकडी भातुकली पाहावी. जातें, पाटा-वरवंटा, उखळ, चूल, शेगडी, रोवळी, पाणी तापविण्याचा बंब, सर्व कांहीं बोटभर उंचीचें. त्या काळच्या स्वयंपाकघराची इतकी बिनचूक यादी कोणा इतिहासकारानें केलेली नाहीं. त्या चुलींत विस्तव नसे. पण त्यावर शिजणारे गूळ, शेंगदाणे आणि पोहे खरे असत, आणि जेवणाऱ्यांची भूकहि खरी असे.

येथपर्यंत ऐकून आपणांस गांवचें जुनें घर म्हणजे बालकांचें नंदनवन वाटूं लागलें असेल, तर ती माझी चूक आहे. त्या घराला दुसरी बाजू होती, आणि ती झांकून ठेवणें हा इतिहास नव्हे.

पहिली गोष्ट अशी कीं पुष्कळ घरांत मुलाला स्वयंपाकाला हात लावूंच देत नसत. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें झाला. पुढें त्यांचा संसार कांहीं वर्षें कोल्हारशेजारच्या राहुरीसहि झाला. त्यांचें 'स्मृतिचित्रें' आपण वाचलेंच असेल. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं आला. वडिलांच्या सोंवळ्याच्या वेडापायीं घरांतील मुलाबाळांचे जे हाल झाले ते त्यांनीं हंसत हंसत सांगितले आहेत, पण वाचणाऱ्याला पुरतें हंसूं येत नाहीं. अशा घरीं मुलाचा हात म्हणजे विटाळाचें साधन. आणि गांवांतील कित्येक घरांच्या मुलांना तर दुसऱ्याच्या अंगणांतल्या त्या चटईवर जागाच नव्हती. सुगडें घडविणाऱ्याचें मूल सुगडें पोंचवून परत जाई.

दुसरी गोष्ट मुलींची. मुलासाठीं जें काम पांचव्या वर्षीं गंमत होतें तेंच मुलीसाठीं आठव्या वर्षीं नेमणूक होई. कडेवर धाकटें भावंड, पहांटे जात्याचा एक खुंटा, आणि लवकरच सासर. सिंथिया फॅरर या बाईंनीं १८३९ पासून नगर येथें मुलींच्या शाळा चालविल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे घेतले ते याच बाईंच्या संस्थेंत. त्या काळीं शाळेंत आलेल्या मुलीला पाटी-पेन्सिलीइतकीच मोलाची वाटली असेल ती तेवढा वेळ चुलीपासून मिळालेली सुटका. म्हणून स्वयंपाकघर हीच पहिली शाळा, असें कोणी उत्साहानें म्हणतो तेव्हां, ती शाळा सोडून जाण्याची परवानगी विद्यार्थ्याला होती काय, हें मी विचारतों.

प्रवरेकांठचें हें जुनें चक्र बदललें तें कोणाच्या उपदेशानें नव्हे, पाण्यानें. अकोल्याच्या डोंगरांत भंडारदरा येथें धरण बांधण्याचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं हातीं घेतलें गेलें आणि १९२६ सालीं तें पुरें झालें. ओझर येथील बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या व उजव्या कालव्यांनीं हें पाणी नदीच्या दोन्ही अंगांस खेळविलें. जेथें शाळू होता तेथें ऊंस आला. प्रथम गुऱ्हाळें वाढलीं, आणि मुलांच्या वर्षांत एका नव्या ऋतूची भर पडली. काहिलीवरचा वास, पानावर घेतलेला ऊन गूळ, भाकरीबरोबर काकवी, आणि चिपाडांच्या ढिगावर उड्या. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखरकारखाना निघाला. आणि कोल्हारपासून कांहीं मैलांवर, लोणीच्या शिवारांत, विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना उभा राहून १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें. या कारखान्यानें प्रवरेकांठच्या खेड्यांत पैसा, शाळा आणि दवाखाने आणले, ही गोष्ट कोणी नाकारणार नाहीं. पण ऊंस सरळ कारखान्याच्या वजनकांट्यावर जाऊं लागला तसतसें गुऱ्हाळ मागें पडलें. आणि कालव्याखालच्या जमिनींत जोंधळ्याचें रान विरळ झाल्यामुळें हुरड्यासाठीं कोरडवाहू भागाकडे पाहण्याची वेळ आली. आज शहरांतलीं कुटुंबें तिकीट काढून हुरडा खावयास जातात. त्यांत कांहीं वावगें आहे असें मी म्हणत नाहीं. मात्र कणीस चोळण्याचें काम तेथें बहुधा यजमानाची माणसें करतात, आणि पाहुण्यांच्या मुलांपुढें दाणे स्वच्छ होऊन येतात. म्हणजे पैसे देऊन नेमकी मुलांच्या वांट्याची गोष्ट आपण गमावतों.

उंसाबरोबर आणखी एक गोष्ट आली. दिवाळी आटोपली कीं बीड जिल्ह्यांतून, पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून, बैलगाड्या आणि ट्रक भरून तोडणी कामगार कारखान्यांच्या भागांत येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाचटाच्या कोप्यांतून राहतात. आईबाप पहांटेच्या अंधारांत फडावर जातात. मागें राहिलेली सात-आठ वर्षांची मुलगी तीन दगडांची चूल पेटवते, धाकट्याला खाऊं घालते, भाकरी थापते. त्याच पौषांत, त्याच नदीच्या खोऱ्यांत, आपण ज्याला ऋतूचा उपक्रम म्हणतों तो ती रोज करते, आणि तिला त्याचें कौतुक नाहीं. साखरशाळा निघाल्या, मुलांना गांवींच ठेवण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा उपयोगहि झाला. पण ती कोपी अजून रिकामी झालेली नाहीं. घरांतल्या मुलाच्या हातीं हौसेनें पोळपाट देतांना ही मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

हाताचें काम आणि मुलाचा आनंद यांची सांगड सक्तीवांचून घालतां येते कीं काय, हा प्रश्न ज्यांनीं पद्धतशीरपणें हातीं घेतला त्यांच्याकडे आतां वळूं. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथील चिमुकलीं मुलें मेज मांडीत, सूपाचें भांडें न सांडतां नेऊन सोबत्यांना वाढीत, आणि तें त्यांना खेळण्यांहून आवडे, ही वार्ता जगभर पसरली. आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक तेथें जाऊन त्यांना मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाई स्वतः १९३९ सालीं मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळें कित्येक वर्षें हिंदुस्थानांतच राहिल्या.

ताराबाईंचें मोठेपण मात्र माँटेसरीची पेटी जशीच्या तशी उचलण्यांत नव्हतें. मध्यमवर्गीयांच्या बालमंदिरांत मान मिळत असतां, १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं गेल्या. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. विलायती साधनें परवडणारीं नव्हतीं. मग परिसरांतले शंख-शिंपले, बिया, पानें, माती हींच साधनें झालीं. दाणे निवडणें, पाणी ओतणें, झाडणें, शेंगा सोलणें, हें जीवनव्यवहाराचें शिक्षण ठरलें. आपल्या अंगणांतील चटईवर जें पूर्वीपासून चाललें होतें तेंच हें. फरक एवढाच कीं येथें मुलाला उठून जाण्याची मोकळीक होती, आणि चटईवर कोणीं बसावें यास जातीचें बंधन नव्हतें. दलित वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यांतून रूढ झाला. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीजवळ गेलें.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. नगर जिल्ह्यांत खडी फोडण्याच्या आणि तलाव खोदण्याच्या कामांवर माणसांची रांग लागली, आणि मुलांच्या तोंडीं घास पडला तो सुकडीचा. त्या वेळीं वाढलेल्या माणसांस सुकडीची चव अजून आठवते. कोणी ती प्रेमानें सांगतात, कोणी तो विषय टाळतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि ताराबाईंच्या अंगणवाडीचें नांव देशभरच्या केंद्रांस मिळालें. आज कोल्हारचें किंवा कोठलेंहि मूल अंगणवाडींत जातें तेव्हां तेथें त्याला खाऊं मिळतें आणि खेळहि मिळतो. शाकंभरीच्या कथेंतील आश्वासन सरकारनें आपल्या कागदांत उतरवून घेतलें, असें मी म्हटल्यास शास्त्रीमंडळींनीं रागावूं नये.

राहिला आपल्या घरांचा प्रश्न. मागल्या पौषांत एका स्नेह्यानें कोल्हारकडून येतांना जोंधळ्याचीं आठ-दहा कणसें आणलीं. आमच्या इमारतींत आगटी कोठून पेटविणार? ग्यासवर जाळी ठेवून तीं भाजण्याचा बेत ठरला, आणि शेजारचीं तीन मुलें चटईवर येऊन बसलीं. भाजण्यापूर्वीं प्रत्येकाला एकेक कणीस देऊन दाणा नखानें दाबावयास सांगितला. दोघांचे दाणे मऊ निघाले. तिसरी पांच वर्षांची मुलगी, तिच्या दाण्यांतून पांढरें दूध आलें आणि बोटावरून ओघळलें. तिनें तें चाटून पाहिलें, गोड लागलें; मग कणीस माझ्या हातीं परत देत ती म्हणाली, "आजोबा, हें उगीच तोडलं. याला अजून चार दिवस पाहिजे होते."